अमूर्त चित्रकला आणि सत्त्वावजय : एक विचार

अंकुशनगर हे अंबड तालुक्यातील, साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. गळीत हंगाम सुरू झाला की येथील दवाखान्यांत कोयत्याच्या जखमा, कंबरदुखी, अम्लपित्त, धुळीने बळावलेले कास-श्वास यांचे रुग्ण वाढतात. त्यांचे निदान व चिकित्सा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु हंगाम असो वा नसो, आणखी एक रुग्णवर्ग वर्षभर येत असतो. 'अन्न गोड लागत नाही', 'छातीत धडधडते', 'चक्कर आल्यासारखे होते', 'रात्र रात्र डोळा लागत नाही' अशा त्यांच्या तक्रारी असतात. नाडी पाहावी, जिव्हा पाहावी, रक्ताच्या तपासण्या कराव्यात, तरी हाती फारसे काही लागत नाही. मग आपण ब्राह्मी, जटामांसी, अश्वगंधा यांचे कल्प देतो. रुग्णाला थोडे बरे वाटते आणि दोन महिन्यांनी तो त्याच तक्रारी घेऊन परत येतो, किंवा थेट औषधालयात जाऊन 'मागचेच चूर्ण द्या' असे सांगतो.

अशा रुग्णांना औषधाच्या जोडीला कोरा कागद आणि रंग देता येतील काय, आणि द्यायचे तर कोणत्या मर्यादेत, याविषयी गेल्या काही वर्षांत बनलेले माझे मत येथे मांडत आहे. हा विषय आपल्या शास्त्राबाहेरचा आहे असे अनेक व्यवसायबंधूंना वाटेल. मलाही प्रारंभी तसेच वाटले होते.

शोकाचा वेग आणि अश्रूंचा वेग

चरक सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वेगांचे दोन वर्ग सांगितले आहेत, हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. मूत्र, पुरीष, क्षवथु, निद्रा आदी तेरा वेग अधारणीय आहेत, म्हणजे ते अडवू नयेत. याउलट लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या हे मनाचे वेग धारणीय आहेत, म्हणजे ते आवरावेत. परीक्षेसाठी आपण या दोन याद्या पाठ केल्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून मात्र फारशा वाचल्या नाहीत. शोक धारणीय वेगांत आहे. बाष्प, म्हणजे अश्रू, अधारणीय वेगांत आहेत. शोकाच्या आहारी जाऊ नये, पण डोळ्यांतून येणारे पाणी अडवू नये, असा हा दुहेरी उपदेश आहे.

बाष्पनिग्रहाने होणारे विकारही त्याच ठिकाणी दिले आहेत : प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुचि आणि भ्रम. वर उल्लेखिलेल्या रुग्णांच्या तक्रारी पुन्हा वाचाव्यात. अन्न गोड न लागणे, छातीतील धडधड आणि चक्कर यांतील एकही तक्रार या यादीबाहेरची नाही. त्यावरील उपचारही पाहण्याजोगा आहे. चरकाचार्यांनी तेथे निद्रा, मद्य आणि प्रिय कथा एवढ्याच गोष्टी सांगितल्या. रोके गेलेले अश्रू मोकळे व्हावेत म्हणून ज्या शास्त्राने गोष्ट ऐकवण्यास चिकित्सेत स्थान दिले, त्या शास्त्राला कला परकी आहे असे कसे म्हणावे?

याच संहितेतील उपकल्पनीय अध्यायात आतुरालयाची सिद्धता वर्णिली आहे. तेथे औषधी, उपकरणे व परिचारक यांच्याबरोबरच गीत, वाद्य, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास-पुराण यांत कुशल असलेली माणसेही असावीत असे सांगितले आहे. शोकज अतिसारासारख्या व्याधीतही वातहर क्रियेसोबत हर्षण आणि आश्वासन सांगितले आहे. चित्रकलेचा उल्लेख या यादीत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तेव्हा मी येथे जे मांडतो आहे तो ग्रंथोक्त विधी नव्हे. ग्रंथाने दाखवलेल्या दिशेने केलेली युक्ती आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या आतबाहेरची एक भगिनी दवाखान्यात आली. पतीचे निधन होऊन आठ महिने झाले होते. शेतीचे कर्ज, दोन मुले आणि वृद्ध सासू यांचा भार अंगावर पडल्याने तिला रडण्यासही उसंत मिळाली नव्हती. 'मी रडले तर लेकरांनी कुणाकडं पाहावं, डॉक्टर?' असे ती म्हणाली. अरुचि, भ्रम व हृद्द्रव ही लक्षणे स्पष्ट होती. औषधे सुरू केली. निद्रा थोडी सुधारली, बाकी फरक पडेना.

एकदा तिची मुलगी शाळेतून परस्पर दवाखान्यात आली. मुलीच्या दप्तरात चित्रकलेची वही व रंगपेटी होती. दवाखान्यात गर्दी होती. बसल्या बसल्या या भगिनीने वहीचा एक कागद घेतला आणि ब्रशाऐवजी बोटांनीच तांबडा रंग पसरला. तिच्या हाताला सारवण्याची सवय. त्यामुळे जमीन सारवताना उमटतात तसे अर्धगोल एकापुढे एक उमटत गेले. त्यात झाड नव्हते, घर नव्हते, माणूस नव्हता. 'हे काय काढले?' असे मी विचारले नाही. ती माझी सावधगिरी नव्हती. मला वेळच नव्हता. पुढे तीच गोष्ट पथ्यावर पडली असे आज वाटते.

पुढच्या वेळी तिने आपण होऊन कागद मागितला. घरी रात्री मुले झोपल्यावर ती अर्धा तास तसे अर्धगोल काढू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिने सांगितले की कागदावर हात फिरवता फिरवता तिला रडू आले आणि बराच वेळ थांबले नाही. त्यानंतर तिला भूक लागू लागली, झोप येऊ लागली.

हे श्रेय केवळ रंगांचे आहे असा माझा दावा नाही. औषध चालू होते, काळ लोटला होता, माहेरची माणसे मदतीला आली होती. एका रुग्णावरून सिद्धान्त होत नाही. मात्र जे तिला मला, सासूला किंवा भावाला सांगता आले नव्हते, ते सांगण्यासाठी तिला शब्द लागले नाहीत, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

अमूर्तच का?

येथे एक रास्त प्रश्न उपस्थित होतो. चित्र काढायचे तर फूल, पक्षी, निसर्गदृश्य का नको? माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असे आहे. वस्तूचे चित्र काढायला सांगितले की प्रौढ मनुष्य प्रथम घाबरतो. 'मला येत नाही' असे म्हणतो. घोडा घोड्यासारखा दिसला पाहिजे ही परीक्षा समोर उभी राहते आणि चिंता वाढते. अमूर्त आकाराला असे मोजमाप नाही. तो चुकूच शकत नाही. चरक शारीरस्थानात मनाचे विषय चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय व संकल्प्य असे सांगितले आहेत. शोकग्रस्त किंवा भयग्रस्त मन यांतील केवळ चिंत्यात अडकलेले असते. तेच तेच घोळवत राहते. रंगाचा एक पट्टा उमटला की आता यापुढे काय, असा ऊह सुरू होतो. मनाला एका अहितकर विषयावरून काढून दुसऱ्या निरुपद्रवी विषयाकडे नेणे हेच तर सत्त्वावजयाचे स्वरूप आहे.

अमूर्त चित्रकला म्हणजे भावनांची बेबंद उधळण, असाही एक समज आहे. तो दूर करण्यासाठी वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९२४ साली नागपूर येथे जन्मलेल्या, मूळ गोमंतकीय कुटुंबातील या चित्रकाराने १९४८ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयातून पदविका घेतली. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' म्हणणे त्यांना अधिक योग्य वाटे. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता. वर्षाकाठी मोजकीच चित्रे ते पूर्ण करीत. रोलर व पॅलेट नाइफने रंगाचा एक पातळ थर द्यायचा, काही भाग खरवडून काढायचा, वाळू द्यायचे, त्यावर पुन्हा थर द्यायचा. आपल्या औषधनिर्माते बंधूंना यात भावना देण्याची क्रिया आठवेल. स्वरसात चूर्ण घोटावे, सुकू द्यावे, पुन्हा घोटावे. घाई केल्यास गुण उतरत नाही.

१९८४ मध्ये झालेल्या अपघातानंतर काही वर्षे गायतोंडे मोठे कॅनव्हास करू शकले नाहीत. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान चित्रे केली आणि पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. २००१ साली त्यांचे निधन झाले. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरले. ते काही चिकित्सक नव्हते आणि चित्राने रोग बरा होतो असा त्यांचा दावाही नव्हता. तथापि त्यांच्या कामातून आपल्याला घेण्यासारखे आहे ते हे की, या कलेत व्यक्त होणे आणि धारण करणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. शोक धारणीय आणि बाष्प अधारणीय, या उपदेशाशी हे जुळते.

अन्यत्र काय घडले

पाश्चात्त्य देशांत या विषयाला आता सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. त्याचा आरंभ एका रुग्णापासून झाला, ही बाब मला महत्त्वाची वाटते. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये क्षयरोगासाठी आरोग्यधामात दाखल झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने चित्रे काढली, त्याचा स्वतःस लाभ झाल्याचे त्यास जाणवले, आणि मग त्याने इतर रुग्णांनाही रंग दिले. 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ मध्ये त्यानेच रूढ केला. ब्राझीलमध्ये नीझ दा सिल्व्हेरा या मनोविकारतज्ज्ञ महिलेने विजेचे झटके व मेंदूच्या शस्त्रक्रिया यांना विरोध करून १९४६ पासून मनोरुग्णालयात चित्रकलेचे दालन चालवले. १९५२ मध्ये त्या चित्रांचे संग्रहालय उभे राहिले.

अलीकडचे संशोधनही पाहावे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, माती व कागद यांच्याशी मुक्तपणे काम करू दिले आणि आधी व नंतर लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ७५ टक्के व्यक्तींचे कॉर्टिसॉल कमी झाल्याचे आढळले. पूर्वी चित्रकला केलेली असणे वा नसणे याने त्यात फरक पडला नाही. हा अभ्यास लहान आहे आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला व आरोग्य या विषयावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कलांचा प्रतिबंधात व उपचारात उपयोग होतो, असा त्याचा एकंदर सूर आहे. यावरून चित्रकला हे औषध ठरत नाही. पथ्याच्या पंक्तीत तिला बसवण्यास मात्र हरकत दिसत नाही.

माझी एक चूक

आता सावधगिरीचा मुद्दा. वरील अनुभवानंतर माझा उत्साह वाढला आणि त्या भरात माझ्या हातून एक चूक झाली. उसाच्या वाहतुकीवर काम करणारा एक तरुण निद्रानाशासाठी येत असे. त्याला कागद दिला. त्याने संपूर्ण कागद काळा करून आणला, मधे थोड्या करड्या उभ्या रेघा. कोठेतरी वाचलेल्या रंगशास्त्राच्या आधारे मी ते तमोवृद्धीचे लक्षण मानले. घरच्यांविषयी, जिवाला त्रास करून घेण्याविषयी त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारले, औषधही बदलले. तो गोंधळला आणि येईनासा झाला. काही महिन्यांनी रस्त्यात भेटला तेव्हा हसून म्हणाला, 'रातचा ऊस होता तो, डॉक्टर. ट्रॅक्टरवरून असाच दिसतो. मला लई आवडतो.'

ती चूक माझ्या ज्ञानाची होती, तशीच माझ्या अहंकाराची. संहितांमध्ये वाताशी श्याव-अरुण, पित्ताशी पीत-हरित, कफाशी श्वेत वर्ण जोडलेले आहेत हे खरे. पण ते वर्ण त्वचा, नेत्र, नख, मल-मूत्र यांच्या परीक्षणासाठी सांगितले आहेत. रुग्णाने रंगपेटीतून उचललेल्या रंगासाठी नव्हेत. लाल रंग घेतला म्हणून पित्तप्रकोप, निळा घेतला म्हणून शमन, अशी कोष्टके हल्ली सर्रास छापली जातात. त्यांना शास्त्राधार नाही. अशी कोष्टके औषधालयाच्या भिंतीवर लावणे म्हणजे आपल्याच निदानपद्धतीवर हरताळ फासणे होय. त्या तरुणाला जीव जड झाला आहे काय, हे विचारणे चूक नव्हते. ते मी त्याच्या बोलण्यावरून, झोपेवरून, वागण्यावरून विचारायला हवे होते, कागदाच्या रंगावरून नव्हे.

रंगांविषयी

हरताळाचा उल्लेख आला म्हणून औषधनिर्माते बंधूंसाठी दोन शब्द. आपली रसशाळा आणि चित्रकाराची शाळा यांचे नाते जुने आहे. गैरिक, हरताळ, मनःशीला, हिंगूळ, राजावर्त ही नावे रसशास्त्रात आहेत, तशीच ती जुन्या रंगकामातही आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवरील तांबडा व पिवळा रंग गेरू आणि पिवडीसारख्या मातीचा, काळा काजळीचा, तर निळा राजावर्ताचा आहे. त्या रंगांचे आकर्षण स्वाभाविक असले तरी हरताळ व मनःशीला ही मल्लाची, तर हिंगूळ हे पारदाचे संयुग आहे. अशुद्ध स्थितीत ती विषे आहेत. रुग्णाच्या हाती रंग म्हणून ती कदापि देऊ नयेत. साधे शालेय जलरंग, गेरू, खडू व कोळसा एवढे साहित्य पुरे. खर्च एखाद्या चूर्णाच्या डबीहून अधिक येत नाही.

काय पाळावे

अनुभवाअंती मी पुढील गोष्टी पाळतो. चित्र काढण्याची सक्ती करीत नाही. विषय देत नाही. अर्ध्या-पाऊण तासाची मर्यादा सांगतो, कारण शोकात बुडून राहणे हेही अहितकरच. काढलेल्या चित्राचा अर्थ लावत नाही, त्याची स्तुती करीत नाही आणि दोषही दाखवत नाही. रुग्ण आपण होऊन बोलला तर ऐकतो. चित्र त्याचे असते. ते भिंतीवर लावत नाही, इतरांना दाखवत नाही. मानसिक उपचारांतील गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. चालू औषध, मग ते आपले असो वा आधुनिक, चित्रांच्या भरवशावर बंद करू देत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. उन्मादाची लक्षणे असतील, व्यसन हाताबाहेर गेले असेल, किंवा रुग्ण जीव देण्याची भाषा बोलत असेल, तर तेथे कागद-रंगाची वेळ नसते. त्याला एकटे न सोडता नातेवाइकांना बोलावून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे हे आपले कर्तव्य आहे. राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. आपल्या रुग्णाला तेथवर पोहोचणे किती अवघड आहे हे येथे व्यवसाय करणाऱ्यास सांगावयास नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक दवाखान्यात व औषधालयात दिसेल असा लिहून ठेवावा.

औषधालयांचे चालक या कामात वैद्यांइतकेच उपयोगी पडू शकतात असे माझे मत आहे. झोपेचे चूर्ण तिसऱ्यांदा मागणारा गिऱ्हाईक प्रथम त्यांनाच दिसतो. त्याला डबी देताना 'वैद्यांना एकदा भेटून या' एवढे वाक्य बोलल्याने विक्री घटणार नाही. घटलीच तर ती घट आपण सोसावी.

वैद्यबंधू-भगिनींनो, आपल्या भागात दुष्काळ, कर्ज आणि स्थलांतर यांनी माणसांची तोंडे मिटलेली आहेत. पुरुषाने रडू नये, बाईने लेकरांसमोर रडू नये, हा आपल्याकडील रिवाज आहे. ज्या समाजात बाष्पनिग्रह हाच सद्गुण मानला जातो तेथे अरुचि, भ्रम आणि हृद्रोग वाढल्यास नवल ते काय? यावर आपल्याकडे घृत आहे, चूर्ण आहे, शिरोधारा आहे. प्रिय कथाही होत्या. त्या ऐकवण्याएवढा वेळ आपल्यापाशी उरला नाही, हे मान्य करावे लागेल. कोरा कागद ती उणीव थोडीफार भरून काढील, अशी माझी धारणा आहे. आपण तो वापरून पाहावा, झालेल्या लाभाची तसेच न झालेल्या लाभाचीही नोंद ठेवावी, आणि ती नोंद रुग्णाची ओळख न देता या त्रैमासिकाकडे पाठवावी. माझी धारणा चुकीची ठरली, तर तसे छापून यावे. मला त्याचा आनंदच होईल.